राहिलेला ठोका

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. सध्या माझ्या पोटात कांदे ठेवतात. कातडे सैल पडले आहे, कडेला उंदरांनी कुरतडले आहे, आणि येणारे-जाणारे मला टोपली समजतात. त्यांचा राग मानत नाही. पण ज्याला कधीकाळी सगळ्या किल्ल्याने श्वास रोखून पाहिले, त्याने कांद्यांच्या वासात म्हातारे व्हावे, हे मनाला लागते.

आमचे बेट समुद्रातले, दगडाचे. डोंगरावरच्या खाणीत स्तमातिस नावाचा पाथरवट होता. त्याने अक्रोडाचे लाकूड वाकवून माझे कडे केले आणि त्यावर घरच्या काळ्या शेळीचे कातडे ताणून बसवले. शेळी म्हातारी होऊन मेली होती, तरी त्याची बायको अनेझिना त्याला ऐकवायची, "शेळी होती तेव्हा दूध तरी द्यायची. आता नुसती बडबड करते!"

"तुझ्याच हाताखाली वाढली ना ती," स्तमातिस म्हणायचा.

आमच्या पाथरवटांचा एक ठेका होता. छिन्नी बसवायला दोन हलके ठोके, मग एक श्वास, मग एक जोराचा घाव. धम् धम्... धम्! सगळे एकाच ठेक्यात काम करत, म्हणजे कोणाचा घाव कोणाच्या बोटावर पडत नसे. लग्नात नाचतानाही पावले त्याच ठेक्यात पडत. तो वाजवायला मी होतो. ते माझे सुखाचे दिवस.

मग सुलतानाचे आरमार आले.

किल्ल्याचा सेनापती बासियानो हा परक्या मुलखातला, लोंबार्दीचा माणूस. तट बांधणे, सुरुंग लावणे, शत्रूचे सुरुंग हुडकणे, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण तोफांच्या शेजारी उभे राहून राहून त्याचे कान गेले होते. समोर ओरडून बोलले तरच त्याला ऐकू जाई. त्याने तटासाठी दगड आणायला आमच्या पाथरवटांना खाणीवर पाठवले, आणि ते परतायच्या आत गलबते किनाऱ्याला लागली. बासियानोने दरवाजा लावून घेतला. स्तमातिस बाहेर राहिला. अनेझिना दरवाज्याशी किंचाळत होती. एक शिपाई तिला म्हणाला, "बाई, सुक्याबरोबर ओलंही जळतं." तिने त्याच्या तोंडावर थुंकले.

काही आठवड्यांनी बासियानो तिच्या घरी आला तो माझ्यासाठी. शत्रू तटाखाली भुयार खणतो आहे, अशी त्याला शंका होती. भुयारात दारू भरून ती पेटवली की तट कोसळणार, आणि आत दडलेले सगळे गाव तलवारीखाली जाणार.

"ढोल हवाय," तो म्हणाला.

"नवरा घेतलात, आता ढोल!" अनेझिना त्याच्या कानाशी ओरडली. "ढोल जाईल तिथं मी जाणार, सरदार. तुमच्या हातात एकट्याला देणार नाही."

तटाच्या पोटात त्याने एक खोल बोगदा खणून घेतला होता. तिथे मला जमिनीवर ठेवले आणि माझ्या कातड्यावर मूठभर सुके हरभरे टाकले. खाली कोणी खणले की जमीन हलणार, जमीन हलली की मी थरथरणार, मी थरथरलो की हरभरे उडणार. ज्याला ऐकू येत नाही त्याने ऐकायची ही युक्ती. मला मात्र ते जड गेले. ज्याचा जन्म बोलण्यासाठी, त्याने नुसते ऐकत पडायचे!

वेढा लांबला, अन्न संपत आले, आणि उपाशी शिपाई माझ्या अंगावरचे हरभरे उचलून तोंडात टाकू लागले. अनेझिना त्यांच्या अंगावर धावायची. "मेल्यांनो, उद्या तो हरभरा तुमच्या पोटात नाचेल! मग काय तुमच्या पोटाला कान लावून बसू?" बासियानोला ऐकू गेले नाही, पण शिपायांची तोंडे पाहून तोही हसला. त्या बोगद्यात मी ऐकलेले तेवढेच हसू.

आणि एके दिवशी हरभरे उडाले. सगळे टाळ्या पिटू लागले, माझी पाठ थोपटू लागले. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढे हरभरे पुरेसे होते. बासियानोने शेजारच्या कोनाड्यात दारूची पिंपे लावून घेतली. शत्रूचे भुयार जवळ आले की ते उडवून द्यायचे.

पण मित्रांनो, मला पहिल्या थरथरीतच कळले होते. दोन हलके, एक श्वास, एक जोराचा. खाली खणत होते ते आमचेच पाथरवट. शत्रूने पकडून त्यांना भुयारात जुंपले होते.

अनेझिना हरभऱ्यांकडे पाहत होती. तिचे बोट आपोआप गुडघ्यावर ठेका धरू लागले आणि थबकले.

"सरदार," ती ओरडली, "खाली आमची माणसं आहेत!"

बासियानोने तिच्याकडे पाहिले, मग पिंपांकडे. "असतील," तो म्हणाला. "आणि वर सगळं गाव आहे."

"मला ढोल वाजवू द्या. ते ओळखतील."

"त्यांच्यावरचा पहारेकरीही ऐकेल."

"त्याला काय कळतंय? त्याला सगळे घाव सारखेच! एकदा दरवाजा लावलात, सरदार. आता एकदा उघडून बघा."

त्याने पिंपांजवळच्या शिपायाला थांबायची खूण केली. मग होकारार्थी मान हलवली.

अनेझिनाने हरभरे बाजूला सारले आणि जिथे श्वास घ्यायची जागा होती, नेमका तिथे मुठीने एक ठोका दिला. खालचे घाव थांबले. माझा जीव कड्यात गोळा झाला. मग घाव पुन्हा सुरू झाले, या वेळी आमच्या दिशेने. संध्याकाळपर्यंत मातीच्या भिंतीला भोक पडले. धुळीने माखलेली, हाडाची काडे झालेली माणसे एकेक करून आत आली. बायकांनी त्यांना वर नेले. शेवटी स्तमातिसचा भाऊ निकितास आला.

"तो?" अनेझिनाने विचारले.

"येत नाही गं, वहिनी. सगळेच हात थांबले तर पहारेकरी खाली उतरेल. एक तरी घाव चालू पाहिजे. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढं."

ती भोकाकडे धावली. निकितासने तिला कवटाळून धरले. तेवढ्यात पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. शत्रूला कळले होते, आणि त्याला आता आयती वाट मिळाली होती.

बासियानोच्या हातात जळता काकडा होता. त्याने हरभरे पुन्हा माझ्यावर टाकले. ते उडत होते. स्तमातिस अजून ठोकत होता.

"हे नाचतायत तोवर मी बत्ती लावणार नाही," बासियानो म्हणाला. "दुसऱ्यांदा नाही."

पलीकडची पावले जवळ येत होती. त्याला ती ऐकू येत नव्हती, अनेझिनाला येत होती. ती माझ्याजवळ बसली. तिने माझ्या कातड्यावर तळहात ठेवला आणि दाबला. हरभरे थांबले.

"थांबलं," ती म्हणाली.

बासियानोने हरभऱ्यांकडे पाहिले. मग तिच्या हाताकडे. आणि काकडा वातीला लावला.

तिच्या हाताखाली मी थरथरतच होतो. दोन हलके ठोके आले. मग श्वासाची जागा आली, आणि त्या श्वासात तिने मला जमिनीवरून उचलले आणि छातीशी धरून पळत सुटली. पुढचा घाव पडला की नाही, मला कळले नाही. पाठीमागे सगळे भुयार कोसळले.

तट वाचला. गावही वाचले. बासियानोला सोन्याची साखळी मिळाली. दुसऱ्या युद्धावर निघताना तो अनेझिनाच्या दाराशी आला. "मला हात दिसला होता," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि तिने दार हळूच लावून घेतले.

त्या घरात पुन्हा हरभरे शिजले नाहीत. मला तिने खुंटीला टांगले, रोज पुसले, कधी वाजवले नाही. ती गेली, मग निकितासही गेला. खाण बंद पडली. ठेका विसरला गेला, आणि मी कांद्यांची टोपली झालो.

मित्रांनो, मला मखरात बसवू नका, साखळी घालू नका. फक्त कांदे काढा, चुलीच्या उबेला धरून माझे कातडे ताणून घ्या. दोन ठोके आणि श्वास माझ्यात जपलेला आहे. तिसरा ठोका तेवढा राहिला आहे. तो कोणीतरी वाजवा.