वगळलेला फड

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता. खोलीभर पसरलेलं लोखंडी धूड. भोकं पाडलेल्या कार्डांची चळत त्याला चारली, की कुणाच्या उसाला कधी तोड, त्याच्या चिठ्ठ्या तो छापून द्यायचा. एकाहत्तरच्या दिवाळीत तिथला ऑपरेटर सहादेव तापानं गेला आणि ते काम कारखान्याच्या ऑफिसातल्या पुष्पावतीकडे आलं.

हंगाम उलटत आला तेव्हा सहादेवची आई झुंबरबाई खिडकीशी येऊन उभी राहिली.

"पोरी, समद्यांचा ऊस ग्येला. आमच्याच मळ्याला तोड का येईना?"

पुष्पावतीनं तपासलं. गट नंबर बरोबर, लागणीची तारीख बरोबर. तरी चिठ्ठी छापली जाईना. मग तिनं प्रोग्रामचीच चळत टेबलावर पसरली आणि एकेक कार्ड उजेडात धरून पाहिलं. मधेच एक जास्तीचं कार्ड निघालं. त्याच्यावर झुंबरबाईचा गट आणि एकच हुकूम: वगळा. कडेला पेन्सिलीनं सहादेवचं अक्षर, 'आमचा ऊस मी तोडणार.'

पण ऊस उभ्या उभ्या वाळत होता. तिनं तेवढा हुकूम बदलून नवं कार्ड पाडलं, जुन्याच्या जागी सारलं. यंत्र खडखडलं आणि चिठ्ठी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊसतोड टोळीचा मुकादम छगन धापा टाकत आला.

"बाई, त्या फडात आमी जानार न्हाई. आमच्या म्होरं कुनीतरी तोडतंय. कोयता ऐकू येतो, मानूस दिसत न्हाई."

पुष्पावती झुंबरबाईला घेऊन मळ्यावर गेली. टोळी बांधावर उभी होती. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी आत खच् खच् चाललं होतं आणि दर घावासरशी एक तुरा खाली जात होता. सरीत मोळ्या नीट बांधून पडल्या होत्या.

झुंबरबाई मात्र पाचट तुडवत आत शिरली.

"सहादेवा, लई केलंस रं लेका. ठिव आता कोयता. ही मानसं तोडतील."

आवाज थांबला.

बऱ्याच वेळानं छगनची माणसं फडात उतरली. पण आधीच्या त्या मोळ्यांना कुणी हात लावेना. त्या झुंबरबाईनंच एकेक करून डोक्यावरून गाडीपाशी नेल्या.