वरचा काशीराम, खालचा काशीराम

आमच्या महाड तालुक्यात माणसं पुष्कळ आणि नावं कमी. शिवथर कुठं म्हणून विचाराल, तर लोक तुम्हालाच विचारतील, कुठलं? आंबे, कुंभे की कसबे? गावांची ही तऱ्हा, तर माणसांचं काय सांगावं. आजोबाचं नाव नातवाला, चुलत्याचं पुतण्याला, असं आम्ही तीच चार नावं धुऊन वाळवून पुन्हा घालतो.

पिंपळकोंडात काशीराम जाधव दोन होते. एक वरच्या आळीत, देवळाच्या बाजूला, मराठ्यांच्यातला. दुसरा खालच्या वाडीत, रस्ता वळतो तिथं, बौद्धांच्यातला. म्हणून एक वरचा आणि एक खालचा. हे वरचं-खालचं नुसतं चढणीवरनं पडलंय, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. सांगताना त्यांच्या डोळ्यांकडं बघत नाही, एवढंच.

दोघं एका वयाचे. शाळेत गुरुजींनी नाव पुकारलं की दोघं उभे राहायचे, एक पहिल्या रांगेतून आणि एक दाराजवळून. पुढं खालचा मुंबईला गोदीत लागला आणि म्हातारपणी गावाला परत आला. वाटेत भेटला की म्हणायचा, "काय माझ्या नावा, बरा हाय का?" वरचा हसायचा आणि म्हणायचा, "बरा हाय." खालच्याला त्याच्या नावानं हाक मारायची त्याला लाज वाटायची. स्वतःलाच हाक मारल्यासारखं होतं म्हणायचा.

भातं कापून झाली होती, त्या दिवसांत खालचा काशीराम पहाटे गेला. वरच्या काशीरामच्या घरी ही बातमी सुनेनं, रेश्मानं, नळावरून आणली. काशीराम उठला, खुंटीवरचा सदरा घातला.

"कुठं?" बायको म्हणाली. बनुबाई तिचं नाव.

"खाली जाऊन येतो."

"काय जायाचं नाय. आपल्याच नावाचं मढं बघू नये."

"असं कुठं अस्तंय?"

"अस्तंय. माझी आय सांगायची."

बनुबाईची आई काय काय सांगायची याला मर्यादा नव्हती. काशीरामला ते ठाऊक होतं. तरी त्यानं सदरा काढून परत खुंटीला लावला आणि मागल्या दारी पेंढा बांधायला बसला. मनातून त्याला बरंही वाटलं, असं मला वाटतं. खाली जायचं, लोकांत बसायचं, कुठं बसायचं, पाणी पुढं केलं तर काय करायचं, हे सगळं टळलं होतं. बायकोचा धाक कधीकधी असा उपयोगी पडतो.

तिकडं मुंबईत वेगळंच झालं होतं. खालच्याच्या पुतण्यानं, सुहासनं, मोबाईलवर सगळ्यांना कळवलं होतं, की काशीराम जाधव, पिंपळकोंड, यांचं दुःखद निधन, अंत्यविधी दुपारी. ते फिरत फिरत वरच्या काशीरामच्या धाकट्या भावाच्या, रावजीच्या, घरी पोचलं. रावजी आणि काशीराम बोलत नव्हते. घरचा गणपती गावाला बसवायचा की मुंबईच्या फ्लॅटमध्ये, यावरून फिसकटलं होतं, आणि तेव्हापासून दोन्हीकडं बसत होता. फोन करून खात्री करावी तर रावजीकडं भावाचा नंबर नव्हता, आणि त्याच्या पोरानं, प्रवीणनं, रेश्माचा लावला तर तो लागेना. आमच्याकडं टाकीजवळ उभं राहिलं तरच लागतो. झालं. दोन गाड्या भरून माणसं निघाली.

आमच्या गावात यायला रस्ता एकच. तो खालच्या वाडीतून, मयताच्या अंगणाला घासून वर येतो. गाड्या तिथं आल्या तेव्हा अंगणात पांढऱ्या कपड्यातले लोक बसले होते. रावजीला वाटलं, काय माणसं जमलीत दादासाठी. त्याच्या बायकोनं काच खाली केली आणि तिथूनच गळा काढला, "काशीरामदादा रे! कुठं गेलात रे आम्हाला टाकून!" तिचा गळा आधीच मोठा. त्यात मागच्या गाडीतल्या बायकांनी सूर धरला. अंगणातले लोक उठून उभे राहिले. गाड्या थांबल्या नाहीत, वर गेल्या.

वर देवळासमोर गाड्या लावून रावजीची बायको पळत आली ती थेट बनुबाईच्या गळ्यात.

"वहिनी गो! कपाळ फुटलं गो तुमचं!"

बनुबाईच्या हातात उलथणं, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती घाबरून म्हणाली, "का गो? काय झालं?"

तेवढ्यात काशीराम मागून आला, अंगाला पेंढ्याची कुसं, हातात विळा. रडणं ऐकून त्याचा चेहरा उतरला होता.

"कोण गेलं रे?" त्यानं विचारलं.

रावजीच्या बायकोचा आ तसाच राहिला. रावजी म्हणाला, "दादा... तू हायस?"

"हाय."

"मग गेलं कोण?"

"खालचा," बनुबाई म्हणाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. "अगं बया! तुम्ही आमच्यांना..."

पहिला हसला प्रवीण. मग सगळेच हसले. रडून आलेली माणसं हसतात तेव्हा फार मोठ्यानं हसतात. रावजीनं भावाला मिठी मारली, पेंढ्यासकट. "आयुष्य वाढलं दादा तुझं! खोटी खबर आली की माणूस शंभरी गाठतो." बनुबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून नवऱ्याची दृष्ट काढली. कुणी साखर वाटली. रावजीची बायको पदर खोचून रेश्माच्या मदतीला गेली. कोंबडा धरायला प्रवीण धावला आणि तो हाती लागेना म्हणून पुन्हा हसण्याचा गलका झाला. त्या आवाजाला उतार होता. आमच्या आळीतलं हसणं खालच्या वाडीत सरळ उतरतं.

काशीरामही हसत होता. भाऊ दारात आला होता, गणपतीचं नाव निघालं नव्हतं, आणखी काय पाहिजे? कोंबडा शिजायला ठेवल्यावर तो गाडीपाशी सामान घ्यायला गेला तेव्हा मागच्या डिकीत त्याला हार दिसला. जाडजूड, झेंडू आणि पांढऱ्या शेवंतीचा, महाडच्या नाक्यावरून घेतलेला. त्याच्यासाठी घेतलेला.

"याचं काय करायचं?" प्रवीण म्हणाला. "देवाला घालू?"

"मढ्यासाठी आणलेला देवाला? काहीतरीच," आतून रावजीची बायको ओरडली. "खाली पाठवून द्या की. त्यांच्या कामाला येईल. नायतर फुकट जायचा."

ती वाईट मनाची नव्हती. उरलेली भाजी शेजारी पाठवावी तसं ती बोलली. पण काशीरामच्या कानाला ते लागलं. तो हार उचलून म्हणाला, "मी नेतो."

"अवो, मी काय सांगितलं?" बनुबाई दारात आली.

"माझं आयुष्य वाढलंय आता," काशीराम म्हणाला आणि उतरायला लागला.

खालच्या अंगणात सगळी तयारी होऊन बसली होती. तिरडी बांधलेली, मेणबत्त्या लावलेल्या, बुद्धांच्या तसबिरीपुढं उदबत्ती संपत आलेली. कुणी रडत नव्हतं. काशीराम दिसताच लोक बाजूला झाले आणि कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची आणायला धावलं, तेव्हा त्याची मान खाली गेली. खालच्याची मुलगी आम्रपाली पुढं आली. ती महाडला शिक्षिका आहे.

"काका, गाड्या लागल्या का त्यांच्या?"

"कुणाच्या?"

"मुंबईच्या लोकांच्या. वळवायला जागा वरच आहे, म्हणून वर गेले ना ते? बाबांच्या बरोबर गोदीत होते त्यांच्यापैकी असतील. सुहासदादा मघापासून म्हणतोय निघूया. मीच थांबवलं. म्हटलं, एवढ्या लांबून रडत आलेत, बाबांचं तोंड बघू देत." तिनं हाराकडं पाहिलं. "त्यांनी पाठवला?"

"हो," काशीराम म्हणाला. ते खोटं नव्हतं.

तिनं दोन्ही हातांनी हार घेतला. बापाच्या छातीवर नीट पसरला आणि परत काशीरामकडं बघत राहिली. काशीरामनं मेलेल्याचं तोंड पाहिलं. दाढी घोटलेली, ओठ जरा उघडे, 'काय माझ्या नावा' म्हणायच्या बेतात असल्यासारखे. तो म्हणाला, "येतायत. पाणी पितायत जरा." आणि त्या वयात जमेल तेवढा भरभर चढ चढला.

वर पानं मांडली होती. रश्शाचा वास सुटला होता. रावजी पहिल्या पानावर बसून भावाची जागा हातानं पुसत होता.

"ये दादा, तुझ्यासाठी थांबलोय."

"उठा सगळे," काशीराम म्हणाला. त्याला धाप लागली होती. "खाली चला. मयत अडवून ठेवलीय त्यांनी, तुमच्यासाठी. त्यांना वाटलंय तुम्ही त्यांच्या माणसाला आलाव. रडत गेलाव ना त्यांच्या दारावरनं?"

पानावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"आम्ही कोण लागतो त्यांचे?" रावजी म्हणाला.

"ते मला ठावं नाय. दोन मिनटं उभं राहा, हात जोडा, झालं."

"आणि मग आंघोळी कुठं करायच्या?" रावजीची बायको म्हणाली. "पोरांचं उद्या ऑफिस. हायवेला ही गर्दी."

"दादा, जेवून घे, मग बघू," रावजी म्हणाला. "उगाच कशाला आपण... तुला कळतंय ना मी काय म्हणतो ते. गावात पण बरं दिसायचं नाय. मी तुझ्यासाठी आलोय."

"माझ्यासाठी?" काशीराम म्हणाला. "जिता व्हतो तेव्हा नाय आलास. काशीराम जाधवाच्या मयतीला आलायस. ती खाली हाय."

रावजीनं मान खाली घातली. पण उठला नाही. पानावरून कुणीच उठलं नाही. प्रवीण मोबाईल बघायला लागला, तिथं नेटवर्क नसताना. फक्त बनुबाईनं गॅस बंद केला, डोक्यावरून पदर घेतला आणि चपला शोधल्या.

"तुझी आय?" काशीरामनं वाटेत विचारलं.

"आय मेली माझी," बनुबाई म्हणाली. "चला गप."

दोघं उतरताना खाली सगळ्यांनी त्यांच्या मागं पाहिलं. चढणीवर तिसरं माणूस नव्हतं. आम्रपालीनं थोडा वेळ देवळाकडं नजर ठेवली. वरून कुणाच्यातरी हसण्याचा आवाज आला, दाबलेला, पण आला.

"आम्ही दोघंच," काशीराम म्हणाला. मग मयताच्या उशाला बसलेल्या शकूकडं, खालच्याच्या बायकोकडं वळून म्हणाला, "वहिनी, ते आमच्यातले व्हते. माझ्यासाठी आले व्हते. मीच मेलो असं वाटलं त्यांना."

शकू म्हणाली, "मग आता?"

काशीरामला शब्द सापडेना. सापडला तो सांगवेना. शेवटी सांगितला.

"जेवतायत."

सुहास काहीतरी बोलणार होता, शकूनं त्याला हातानंच थांबवलं.

"मला आपलं बरं वाटलं व्हतं," ती म्हणाली. "आमच्यात मोठ्यानं रडत नाय. म्हटलं, यांच्या नावानं कुणीतरी एवढं रडतंय." मग सरकून तिनं बनुबाईला जागा केली. "ये गो, बस."

आम्रपालीनं डोळे पुसले. हाराला हात लावून, तो काढावा की ठेवावा असं क्षणभर केलं, आणि तसाच ठेवला. "उचला," ती म्हणाली.

काशीराम खांद्याला पुढं झाला. पण तो बुटका, आणि म्हातारा. तिरडी एका बाजूला कलली. सुहास म्हणाला, "काका, सोडा. आम्ही नेतो." रागानं नाही म्हणाला, पण मायेनंही नाही. काशीराम मागं सरला. बुद्धं सरणं गच्छामि म्हणत लोक निघाले. त्यांच्यात बायकाही चालतात. बनुबाई जन्मात कधी स्मशानाच्या वाटेला गेली नव्हती, ती शकूच्या दंडाला धरून चालू लागली. सगळ्यांत मागं काशीराम.

नदीकडची वाट फाट्याच्या पुढं फुटते. तोवर रस्ता तोच एक, अरुंद, एका बाजूला दरड आणि एका बाजूला भाताचं खाचर. थोडं अंतर गेले असतील, तेवढ्यात मागून गाडीचा आवाज आला. रावजी मंडळी निघाली होती. पहिली गाडी अगदी जवळ आली आणि प्रवीणनं हॉर्न दिला.

काशीराम वळला. रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्यानं काचेतून भावाकडं पाहिलं. रावजी पुढच्याच सीटवर होता. त्यानं पोराच्या हातावर हात ठेवला. हॉर्न पुन्हा वाजला नाही. काशीराम परत चालायला लागला आणि मागं दोन गाड्या, काचा बंद, माणसाच्या चालीनं येऊ लागल्या. पुढं जायला वाट नव्हती.

फाट्यावर वरंधकडून येणारी एसटी थांबली होती. तिच्यातली माणसं खिडक्यांतून बघायला लागली. टपरीवरची म्हातारी डोळ्यांवर हात धरून उठली.

"कोण गेलं रे?"

"काशीराम जाधव," पुढून कुणीतरी सांगितलं.

"मोठा माणूस असंल," म्हातारी म्हणाली. "मागं गाड्या बघ किती. काचा लावून रडतायत बिचारे."

आम्रपालीनं ते ऐकलं. तिनं मागं वळून आधी गाड्यांकडं पाहिलं, मग काशीरामकडं. त्यानं नजर खाली घेतली. नदीची वाट फुटायला अजून अवकाश होता, आणि तिथं पोचलं की गाड्या सुटून महाडकडं जाणार होत्या.

त्यानं पाय आणखी हळू टाकायला सुरुवात केली.