चार इंचांखाली पिठीसाखर

लमारच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन दोन हिवाळे होऊन गेले होते. स्वयंपाकघरातल्या बॅरोमीटरच्या मागे ते खोचलेलं असे, आणि सकाळी काचेवर टिचकी मारून काटा बघायला गेलो की त्याचा कोपरा दिसे. मजकूर मला पाठ होता.

‘विल्मर, इथे फ्लोरिडात टीव्हीवर हवामान सांगतात म्हणजे ऊन सांगतात. पेनसिल्व्हेनियाचा नकाशा चुकून आला, तर सांगणारा पोरगा नेमका आपल्या काउंटीवर पाठ करून उभा राहतो. आपल्याकडे चार इंच बर्फ पडला की मला लिही. आकडा लिही, आणि बाकी जे दिसेल ते. फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही आणि तुला बोलता येत नाही. घाई नाही. लमार.’

‘घाई नाही’ हे शब्द माझ्यासारख्या माणसाला कुणी लिहू नयेत.

चार इंचांचा नियम लमारचाच. त्याखालचा बर्फ म्हणजे बर्फ नव्हे, केकवर भुरभुरवलेली पिठीसाखर, असं तो म्हणायचा. मुख्य रस्त्यावर त्याचं चपला-बुटांचं दुकान होतं. काचेत बूट मांडलेले असत आणि त्यांच्या मधोमध एक पाटी. तिच्यावर खडूने त्याचा अंदाज: कधी येणार, किती पडणार. लोक त्याला आडनावाने हाक मारून चेष्टा करायचे. ‘काय स्टर्नर, लोकरी बूट संपवायचेत वाटतं?’ एकदा त्याने चिडून ‘काहीही पडणार नाही’ असं लिहिलं, तर त्या दिवशी बुटांची सगळ्यात जास्त विक्री झाली. गावाला वाटलं, हा आता काहीतरी लपवतोय.

मी समोरच्या वाचनालयात कामाला. सकाळी आत शिरण्याआधी ती पाटी वाचून जायचो. दुकानात जायचं धाडस पुष्कळ दिवस झालं नाही. शेवटी तोच बाहेर आला आणि म्हणाला, “आत येऊन वाच की. आत शेगडी आहे.” माझ्या आयुष्यातली मैत्री म्हणता येईल अशी गोष्ट तिथे सुरू झाली. पुढची तीसेक वर्षं आम्ही दोघे नोव्हेंबर लागला की अस्वस्थ व्हायचो आणि मार्चमध्ये शांत व्हायचो. मोठी माणसं त्या वयात कशाकशाची वाट बघतात मला ठाऊक नाही. आम्ही बर्फाची बघितली.

दुकान बंद करून फ्लोरिडाला मुलीकडे राहायला जाताना त्याने मला त्याची पांढरी फळी दिली. अंगणात मोकळ्या जागी ठेवायची, तिच्यावर पडेल तेवढा बर्फ मोजायचा, मग पुसून पुन्हा ठेवायची. सोबत पावलाचं माप घ्यायची एक लाकडी काठीही दिली. तिच्या मागच्या बाजूला त्याने इंच कोरले होते. दुकानात अशा दोन काठ्या होत्या. दुसरी तो घेऊन गेला.

तो तिकडे गेल्यापासून चार इंच एकदाही पडला नाही. एक-दोनदा पिठीसाखर, बाकी पाऊस. मी काय लिहिणार होतो?

जानेवारीतल्या एका गुरुवारी लमारच्या मुलीचा, डोरीनचा, फोन आला. मी घाबरून उभाच राहिलो. मी फोनवर नेहमी उभा असतो.

“विल्मरकाका, घाबरू नका, बाबा आहेत,” ती म्हणाली. “पण फार विसरतात आता. परवा मलाच विचारलं, बाई, तुमचा बुटाचा नंबर काय? मी म्हटलं साडेसात. तर म्हणाले, छे, आठ लागेल तुम्हाला.”

“बरोबर होतं का?” मी विचारलं. मला असलंच काहीतरी सुचतं.

ती हसली. “आठच लागतो मला. काका, एक सांगायचं होतं. रोज सकाळी ते काठी घेऊन बाहेर हिरवळीवर जातात. काठी गवतात टेकवतात, वाकून बघतात आणि मला ओरडून सांगतात, ‘शून्य!’ मी खिडकीतून म्हणते, हो बाबा, लिहून घेतलं. मग आत येऊन विचारतात, विल्मरचं काही आलं का? डॉक्टर म्हणतात, हे विचारणंही आता फार दिवस राहणार नाही. तुम्ही काही लिहिणार असाल तर... नाही म्हणजे, बर्फ पडला तरच लिहा असं तुमचं ठरलंय, ते माहीत आहे मला. पण टीव्हीवर म्हणतायत, रविवारी तुमच्याकडे आहे.”

“आहे,” मी म्हणालो. “बहुतेक.”

फोन ठेवला आणि माझं जेवणखाण संपलं.

किनाऱ्याला धरून वर सरकणारं वादळ होतं. आमच्याकडे असल्या वादळाचं सगळं काही एका रेषेवर असतं. रेषेच्या वर बर्फ, खाली पाऊस, आणि ती रेषा आमच्याच काउंटीत वर-खाली सरकत असते. युरोपवाल्यांचं हवामानाचं गणित सहा ते आठ इंच म्हणत होतं. आपल्या अमेरिकी लोकांचं गणित दोन इंच आणि मग पाऊस. दिवसातून चार वेळा नवे नकाशे येतात. मी चारही वेळा हजर. मधल्या वेळात, माझ्यासारखेच वेडे इंटरनेटवर एकमेकांशी भांडतात ते वाचत बसायचो. तिथे मी आजवर एक शब्दही लिहिलेला नाही.

माझी थोरली बहीण अर्लीन, नवरा गेल्यापासून माझ्याकडे राहते. ती दारात येऊन उभी राहिली.

“काय म्हणतात तुझे युरोपियन?”

“आठ.”

“सकाळी सहा होते.”

“वाढलेत.”

“बटाट्यासारखे वाढतायत की रे. ऊठ, सूप गार होतंय. तू खिडकीशी बसलास म्हणून काही ते वादळ लाजून लवकर येणार नाही.”

शनिवारी ती दूध, पाव, अंडी घेऊन आली. सगळं गाव तेच घेत होतं. “बर्फ म्हटलं की या गावाला अंड्यात बुडवलेल्या टोस्टचे डोहाळे का लागतात कोण जाणे,” ती म्हणाली. “शेवटच्या डझनासाठी पाद्रीबाईंशी भांडावं लागलं.” मग तिने तळघरातून फावडं आणलं आणि ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलं.

मी धावत ओसरीत गेलो. “फावडं बाहेर काढलंस?”

“मग काय, सोमवारी चमच्याने उकरू?”

“अगं, बर्फाचं एक फूल पडल्याशिवाय फावडं बाहेर काढायचं नसतं, नाहीतर तो येतच नाही! लमार तर...”

“लमार वेडा आणि तू त्याचा कारकून. शहात्तर वर्षांचा झालास, विल्मर.” पण जाताना ती पुटपुटली, “एवढंच असेल तर पजामाही उलटा घाल. पोरं घालतात ना.”

ते ती चिडवायला म्हणाली. आमच्याकडे बर्फ पडून शाळेला सुट्टी मिळावी म्हणून पोरं रात्री पजामा उलटा घालून झोपतात, उशीखाली चमचाही ठेवतात. मी फावडं आत नेऊन ठेवलं आणि झोपताना पजामा उलटा घातला. चमचा मात्र ठेवला नाही.

रविवारी उजाडलं तेव्हा आभाळ खाली उतरून पिठासारखं झालं होतं. चर्चमधली प्रार्थना रद्द झाल्याचा निरोप आला. न्याहारीनंतर पहिली फुलं दिसली, इतकी विरळ की डोळ्यांचा दोष वाटावा. मी बाहेर जाऊन फळी पुसली आणि तिच्यावर काठी उभी करून आलो. खरं तर काठी उभी करून ठेवायची नसते, मोजताना टेकवायची असते. पण मला ती खिडकीतून बघायची होती.

मग तो पडायला लागला. दोन वर्षांत मी विसरलो होतो, तो किती गुपचूप पडतो. आधी गवताची टोकं गेली, मग रस्त्याचा रंग गेला, मग समोरचं घरच अर्धं पुसलं गेलं. अर्लीनने ‘बाहेरच जाऊन उभा राहा’ असं मला ओरडायला बाहेरचं दार उघडलं, मी दर पाच मिनिटांनी पडदा सारत होतो म्हणून, आणि ती तशीच उभी राहिली. काळ्या स्वेटरची बाही तिने बाहेर धरली. तिच्यावर फुलं पडली. एकेक फूल वितळेपर्यंत ती बघत राहिली.

“आईनं असंच दाखवलं होतं आपल्याला,” ती म्हणाली आणि दार लावून सूप ढवळायला गेली.

दुपारपर्यंत काठीवर तीनची खूण बुडाली. मग साडेतीन. नंतर साडेतीनच्याही वर, चारला जरासाच कमी. मी कागद काढून ठेवला, पेनला शाई भरली. वर लिहिलंही, ‘प्रिय लमार’.

तेवढ्यात ओसरीच्या पत्र्यावर टक आवाज झाला. मग टक टक. कुणी वरून तांदूळ टाकावेत तसा.

तो आवाज काय सांगतो ते मला लमारनेच शिकवलं होतं. वर हवा गरम झाली, फुलं वितळून, पुन्हा गोठून त्यांचे काचेसारखे कण व्हायला लागले. असा पहिला आवाज आला की हातातलं टाकून बाहेर पळायचं आणि मोजायचं, कारण आता बर्फ दबत जाणार. जे मोजलं ते तुझं, असं तो म्हणायचा.

मी दारापर्यंत गेलो. बूटही घातले. आणि थांबलो.

आता मोजलं असतं तर पावणेचार भरला असता. पावणेचार म्हणजे पिठीसाखर. अजून जराशी फुलं पडली तर चार. नकाशावर एक गडद पट्टा आमच्याकडे सरकत होता. त्यात फुलं असतील असं मला वाटलं. खरंच, थोड्या वेळाने फुलं आली, मोठी, ओली, कागदाच्या तुकड्यांसारखी. मी दाराशीच उभा.

“मोज की जाऊन,” अर्लीन म्हणाली.

“पाच मिनिटं.”

“दार लाव तरी, घर गार होतंय.”

“पाचच मिनिटं, अर्लीन.”

फुलं गेली, पुन्हा कण आले. मग आवाज एकाएकी मऊ झाला. पाऊस. पन्हळीतून पाणी वाहायला लागलं. तेव्हा कुठे मी धावलो. काठी तिरकी झाली होती. ती सरळ करून फळीवर टेकवली, गुडघ्यावर बसून बघितलं. पुन्हा दुसऱ्या जागी बघितलं. अडीच.

आत आलो तेव्हा अर्लीनने सूप वाढून ठेवलं होतं. तिने विचारण्याआधी मीच सांगितलं.

“मग लिही चार,” ती म्हणाली. “मी बघितलाय की खिडकीतून. चारच होता जवळजवळ. म्हातारा खूश होईल, डोरीन खूश होईल. तो काय फ्लोरिडाहून काठी घेऊन तपासायला येणार आहे?”

“आला असता.”

“आता कुठला यायला, विल्मर? त्याला पोटची पोर ओळखू येत नाही.”

ती माझ्या समोर बसली आणि तिच्या ताटलीतलं बीटच्या रसात मुरवलेलं उकडलेलं अंडं माझ्या ताटलीत ठेवलं. लहानपणी मला शाळेत मार मिळाला की ती हेच करायची.

कागदावर ‘प्रिय लमार’ होतं. त्यापुढे ‘चार’ लिहायला किती कमी शाई लागली असती. मी तो आकडा लिहूनही पाहिला, दुसऱ्या कागदावर. लमारच्या आकड्यांना तीस वर्षं गाव हसलं, पण त्यांना खोटं कुणी म्हटलं नाही. मी तो कागद चुलीत टाकला. त्या दिवशी पुढे काही लिहिलं नाही. पाऊस ऐकत बसलो, आणि रात्री तोच उलटा पजामा चढवून झोपलो.

सोमवारी उठलो तर अंगण हिरवं, काळं, ओलं. नेहमीच्या वेळी फळीपाशी गेलो. फळी धुऊन निघाली होती, तिच्यावर एक सुकलेलं पान चिकटलं होतं. ते काढलं. काठी टेकवली आणि सवयीने वाकून बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं. तिकडे या वेळी लमार गवतात काठी टेकवून असाच वाकला असेल, असं मनात आलं. त्याच्या गवतात बर्फ येण्याची काही शक्यता नव्हती, तरी तो रोज आकडा सांगत होता. माझ्याकडे शक्यता होती आणि मी दोन वर्षं गप्प होतो.

“शून्य,” मी म्हणालो. मग लमारसारखं ओरडून म्हणालो, “शून्य!”

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. “कुणाला सांगतोयस?” अर्लीनने विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, “बरं, ऐकलं. आत ये, कॉफी झालीय.”

मी टेबलाशी बसलो तो कपडेही न बदलता.

‘प्रिय लमार, रविवारी बर्फ पडला. अडीच इंच. त्याआधी जास्त होता, पण पत्र्यावर आवाज आला तेव्हा मी बाहेर गेलो नाही, चारची वाट बघत दाराशी उभा राहिलो. म्हणून अडीचच. तू म्हणशील ते मला माहीत आहे. बाकी जे दिसलं ते: समोरचं घर अर्धं पुसलं गेलं होतं. बागेतल्या खुर्चीवर कुणी उशी ठेवावी तसा साचला होता. अर्लीनने मला ओरडायला दार उघडलं आणि ओरडायचं विसरली. फावडं तिने आदल्या दिवशीच बाहेर काढलं होतं, मी आत नेलं, पण उशीर झाला असावा. सोमवार सकाळ: शून्य. मंगळवारचा आकडा मंगळवारी लिहितो. तुझा, विल्मर.’

पाकिटावर पत्ता घातला, कोट चढवला आणि फाटकाशी जाऊन टपालपेटीत पत्र ठेवलं. पत्र न्यायचं आहे हे कळावं म्हणून पेटीची लाल झेंडी वर केली. ती गंजून घट्ट झाली होती, दोन्ही हात लावावे लागले. टपालगाडी कोपऱ्यावरून वळलीच होती, तेव्हा मी तिथेच थांबलो. एरवी मी तिला चुकवतो.

टपालवाल्या जोलीनने खिडकीतून हात घालून पत्र घेतलं, पत्ता वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

“स्टर्नर! माझे शाळेचे सगळे बूट त्यांच्याच दुकानातले,” ती म्हणाली. “कसे आहेत?”

“मोजतात अजून,” मी म्हणालो.

“काल किती झाला?”

“अडीच.”

“पिठीसाखर,” ती म्हणाली, आणि मग तिची नजर माझ्या कोटाखाली गेली. “विल्मर, तुमचा पजामा उलटा आहे हो.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. पत्र मागच्या खोक्यात न टाकता समोर काचेपाशी ठेवलं, झेंडी खाली केली, आणि गाडी ओल्या रस्त्यावरून पुढच्या घराकडे गेली.