वाटीचं वजन

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी त्याच्या बायकोने अंथरूण धरलं. घरी बघायला कुणी नाही, म्हणून तिला थोरल्या लेकीकडे ठेवलं, गाडीने एका दिवसाच्या वाटेवर. तो मात्र प्रयोगशाळेत अडकला.

काचेचे चंबू धुवायचे आणि बुरशीचं खाणं तयार करायचं, हे त्याचं काम. ही बुरशी झाडाच्या पानाच्या आत राहते, पण झाडाला त्रास देत नाही. शरीराची झीज रोखणारं एक द्रव्य ती तयार करते. ते कशाने वाढतं, उजेडाने, उबेने की साखरेने, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई चार वर्षं शोधत होत्या. लग्नाच्या आठवड्यात त्याने लावलेल्या चंबूंत ते तिप्पट निघालं. पुन्हा मात्र कुणाला जमेना. विद्यार्थी थकले, तोही थकला. काकांच्या हाताला गुण आहे, त्यांना पुन्हा जमेल, असं म्हणून बाईंनी त्याचा रजेचा अर्ज तीनदा बाजूला ठेवला. नोकरी सोडावी, तर बायकोचं औषधपाणी नोकरीवरच चाललेलं.

फोनवर बायको विचारायची, "काय म्हणते माझी सवत, तुमची ती बुरशी? सोडते का नवऱ्याला?"

तो हसायचा. मग तिचा खोकला ऐकत उभा राहायचा.

एका दुपारी साखर तोलताना त्याचा हात थबकला. त्याला आठवलं, लग्नाच्या गडबडीत वाटी ठेवल्यावर काटा शून्यावर आणायचा राहिला होता. वाटीचं वजन साखरेत धरलं गेलं आणि साखर पडली जेमतेम तिसरा हिस्सा. सांगावं तर चूक अंगाशी येणार, न सांगावं तर सुटका नाही. दोन दिवस त्याने गिळलं, मग बाईंपुढे जाऊन ओकून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. "म्हणजे उपाशी ठेवली तेव्हा ती कामाला लागली," त्या हळूच म्हणाल्या.

"माझ्या हाताला काही गुणबिण नाही, बाई. आता हे कुणीही करील. मला जाऊ द्या."

"काका, आता तर तुम्हीच हवेत. साखरेचं एकेक माप लावून बघायचं, मध्येच हात बदलून कसं चालेल? एवढा महिना काढा."

संध्याकाळी त्याने हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "चूकसुद्धा धड करता आली नाही तुम्हाला."

मार्चच्या नऊ तारखेला तो काट्यावर वाटी ठेवून शून्य यायची वाट बघत होता. खिशात फोन थरथरला. त्याने साखर तोलली, चंबूत ओतली, कापसाचा बोळा घट्ट बसवला आणि मगच थोरलीचा फोन कानाला लावला.

बायको त्या दिवशी सकाळी सव्वादहाला वारली.