उलटं वाचन

दवाखान्यात धाकट्या बहिणीच्या उशाशी बसून ताईने गोळ्यांच्या खोक्यातलं पत्रक काढलं आणि मांडीवर सपाट केलं. ते तिच्याच छापखान्यात छापलेलं होतं, आणि तपासलंही तिनेच होतं.

छापखान्यात तिच्या नजरेचा दरारा होता. औषधांची पत्रकं ती उलटी वाचायची, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. सरळ वाचलं की माणूस अर्थात गुंततो आणि चूक निसटते, असं नवीन मुलींना बजावायची. एकोणीस वर्षांत तिच्या हातून एक कानाही सुटला नव्हता, आणि त्याचा तोराही होताच.

आज ती पहिल्यांदा सरळ वाचत होती.

'क्वचित मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावू शकतात. नेहमीपेक्षा वेगळी, अचानक असह्य डोकेदुखी झाल्यास दुसरी गोळी घेऊ नये. त्वरित डॉक्टरांकडे जावे.'

ताईने त्या ओळींवर तळहात ठेवला.

परवा दुपारी धाकटी तिच्या शिवणाच्या दुकानातून डोकं धरूनच आली होती. अर्धशिशी तिची जुनीच. एक गोळी घेऊनही ती भिंतीला टेकून कण्हत होती.

"ताई, हे नेहमीचं नाही गं. आत कुणीतरी घाव घातल्यासारखं झालं."

"तुझं आपलं दर वेळी काहीतरी नवीन. घे अजून एक, काही होत नाही."

गोळी ताईनेच फोडून दिली, पेलाही तिनेच तोंडाला लावला. संध्याकाळी धाकटीचा उजवा हात लुळा पडला. त्याच हाताने ती कोट बेतायची. लाखात एखाद्याला होतं असं, डॉक्टर म्हणाले. हात पुन्हा चालेलच असं मात्र म्हणाले नाहीत. ताईला स्वतःच्या त्या नामी डोळ्यांची किळस आली.

धाकटीने डोळे उघडले. जीभ अजून जड होती.

"काय वाचतेस?"

"गोळ्यांचं पत्रक."

"तू तपासलेलं?"

"हो."

धाकटी अर्ध्या चेहऱ्याने हसली. "डॉक्टर सकाळी विचारत होते, कागद वाचला नव्हता का म्हणून. मी म्हटलं, आमच्या ताईने वाचलाय की."

ताई पत्रक जुन्या घड्यांवर दुमडू लागली. ते काही केल्या खोक्यात बसेना.

"सापडली का एखादी चूक?" धाकटीने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "एकही नाही."