बिनरश्श्याची कोंबडी

आमची आई दमली की बोलत नाही, नुसती कामं करत राहते. त्या उन्हाळ्यात ती जवळजवळ बोलतच नव्हती. सकाळी शाळेत दीडशे पोरांची खिचडी शिजवायची, तिथून थेट पाण्याच्या रांगेत, आणि घरी आली की चुलीपाशी उभ्यानंच भाकरी मोडायची. ती बसून जेवलेली मला आठवतच नव्हती. म्हणून मी ठरवलं, बुधवारचा स्वयंपाक माझा. आईनं फक्त बसायचं आणि जेवायचं.

बाबा टँकरवर ड्रायव्हर. रविवारी त्यांच्या मोबाइलवर मी एका जपानी बाईचा व्हिडिओ पाहिला होता. कोंबडीच्या खिम्याचे गोळे करून ती तव्यावर भाजते आणि वरून काळा, गोडसर सॉस ओतते. मला ती बाई एकदम पटली, कारण तिच्या कोंबडीला रस्साच नव्हता. रस्सा म्हणजे तांब्याभर पाणी, वर पातेलं घासायचं वेगळं. लातूरला तर रेल्वेनं पाणी आणत होते. आमच्या अहमदपुरात गल्लीत टँकर नवव्या दिवशी यायचा, आणि पिण्याचं सोडून घरात माणशी दोन दिवसांना एक बादली मिळायची.

माझी बादली मी झाकून ठेवली होती. गुरुवारी लातूरला वक्तृत्व स्पर्धा होती, विषय 'नवा जिल्हा हवा की नको'. केस धुवायचे होते, युनिफॉर्म धुवायचा होता. तालुक्यात पहिली आल्यापासून मला काहीही जमेल असं वाटायला लागलं होतं, जपानी कोंबडीसुद्धा.

हाडं काढलेली कोंबडी आणली. सॉस चायनीजच्या गाड्यावरच्या व्यंकटकाकाकडून औषधाच्या बाटलीत मागून आणला. भाषणाचं ऐकल्यावर तो म्हणाला, जिल्हा नवा करा नाहीतर जुना ठेवा, आधी पाणी कुठलं आणता ते सांगा. मी म्हटलं, तेच सांगणार आहे.

आमच्या धुरपताआजीच्या गळ्यात माळ आहे, ती मटणमासळी खात नाही. त्यामुळे आमच्याकडे कोंबडी अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर होते. तवा वेगळा, परात वेगळी, उलथनंसुद्धा वेगळं. मी सगळं आठवणीनं बाहेर काढलं. आणि मिक्सर लावायला गेले तर लाइट गेली.

मग मी पाटा ओढला. आई कोंबडीचा मसाला त्याच्यावरच वाटते, म्हणून माझ्या मनात काही आलंच नाही. पातीचा कांदा, आलं, मीठ आणि कोंबडी, सगळं वाटलं. गोळे वळताना ती बाई हाताला पाणी लावते, मी तेल लावलं. ही अक्कल माझीच.

वळून पाहिलं तर आजी मागं उभी.

"मसाला वाटतेत पोरी पाट्यावर," ती म्हणाली. "मटण न्हाई."

ती रागावली नव्हती. भिंतीला टेकून खाली बसली फक्त. तिला दात नाहीत, भाकरीचा काला करून चटणीशी खाते, आणि ती चटणी रोज त्याच पाट्यावर होते. खिमा पाट्याला मारलेल्या टाक्यांच्या खाचांत घट्ट बसला होता.

तेवढ्यात आई घागर घेऊन आली. तीन तास रांगेत उभं राहून मिळालेली घागर. तिनं पाटा पाहिला, सासूकडे पाहिलं, आणि घागर पाट्यावर वाकवायला लागली.

"ते पिण्याचं हाय आई. थांब," मी म्हटलं आणि माझी बादली उचलून आणली.

आईनं विचारलं, "अन् उद्या?"

"तू बस."

ती खरंच उंबऱ्यावर बसली. मी राख घेतली, काथ्या घेतला आणि घासत सुटले. आजी बसल्या जागेवरून सांगत होती, कडेला घास, वरवंट्याचं तोंड घास, मीठ टाक. बादली संपली. पाणी वाहत कडुलिंबाच्या आळ्यात गेलं.

मग गोळे भाजले. सॉसात गूळ जरा जास्त झाला आणि एका बाजूनं करपले. आईनं भिंतीला पाठ लावून, मांडी घालून पाच खाल्ले. गोड हाय, म्हणाली, कोंबडी खाल्ल्यासारखंच वाटंना. आणि सहावा घेतला. बाबांचे झाकून ठेवून मी वळले तर ती तिथंच झोपलेली, खरकटा हात मांडीवर तसाच.

आजीनं पाट्याचा वास घेतला. परत एकदा घेतला. मग शेंगदाणे, लसूण आणि मिरच्या घेऊन वाटायला बसली. तिची भाकरी झाल्यावर मला म्हणाली, "तेल आण. लई घट्ट घालते वेणी. धुतलं का न्हाई, कुणाला कळतंय?"

मी युनिफॉर्म अंगणात तीनदा झटकला आणि तिच्यापुढं जाऊन बसले. तिच्या बोटांना लसणाचा वास येत होता.