आर्डिसच्या वड्यांचा साचा

मी जोलीन ट्वीट. पीकविमा कंपनीत कॉम्प्युटरच्या पडद्यांचे साचे लिहिते, आणि अख्ख्या डे मॉइन शहरात माझ्याइतके चांगले कुणी लिहीत नाही. फुशारकी म्हणा हवं तर.

आमचा सगळा कारभार तळघरातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालतो. त्याच्या हिरव्या अक्षरांच्या पडद्यांवर इतकी वर्षं बायका दावे टाइप करायच्या. यंदा मक्यावर अशा गारा पडल्या, की त्यांना काम आवरेना. म्हणून आता प्रोग्रॅम टाइप करणार. पण मेल्याला डोळे कुठे असतात? समोर कुठला पडदा आलाय ते कशावरून ओळखायचं, कुठे काय भरायचं, कोणती कळ दाबायची, सगळं मी साच्यात लिहून द्यायचं. एका पडद्याला एक साचा.

पहिल्या चाचणीत माझं नाक कापलं गेलं ते आर्डिसमुळे. ती तळघरात मशीन सांभाळते. कुणी घरून खायला आणलं, की ही बया इमारतीतल्या एकूण एक पडद्यावर निरोप धाडते, 'रुबार्बच्या वड्या आल्यात, पळा!' माणसं निरोप वाचतात, पुसतात आणि पळतात. माझा प्रोग्रॅम मात्र अनोळखी पडदा बघून जागच्या जागी थिजला.

"पुन्हा अडकला तर काम शिकागोच्या कंपनीला जाईल, जोलीन," आमचे साहेब मर्लिन म्हणाले. "मग मी काही करू शकणार नाही."

शिकागो! आमचा एक पडदा न पाहिलेले लोक माझे साचे लिहिणार? तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच तळघरात उतरले.

"आर्डिस, गुरुवारी चाचणी आहे. निरोप पाठवलास तर बघ!"

"अगं, शप्पथ नाही पाठवणार."

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जाते होय? वर येऊन तिच्या निरोपाचाही साचा लिहिला. शब्दांच्या नादी लागले नाही. आज रुबार्बचे आंबट देठ, उद्या भोपळा. तिच्या प्रत्येक निरोपाच्या वरच्या ओळीत तीन चांदण्या असतात, तेवढी खूण धरली. चांदण्या दिसल्या, की पुसायचं आणि होतं तिथून पुढे चालायचं.

गुरुवारी मर्लिन माझ्या खुर्चीमागे उभे. दावे भराभर भरले जात होते. निम्म्यावर आलो आणि पडद्यावर तीन चांदण्या!

"मेलो!" मर्लिन ओरडले.

डोळ्याचं पातं लवायच्या आत निरोप पुसला गेला आणि पुढचा दावा सुरू झाला. शेवटचा दावा भरल्यावर मर्लिननी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"शिकागोला सांगतो, घरी बसा म्हणून!"

मी तावातावाने तळघर गाठलं. "कुठे गेली तुझी शपथ? साचा अडकला असता तर?"

"तुझा साचा? आणि अडकला असता?" आर्डिसने डोळे मोठे केले. "तेच तर लिहिलं होतं, बाई! 'जोलीनचा साचा यावरही अडकणार नाही. वड्या तिच्यासाठी.' अख्खी इमारत येऊन खाऊन गेली. तू वाचलं नाहीस?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. उरलेली वडी तोंडात टाकली. सगळ्यांनी माझं कौतुक वाचलं, आणि माझ्यासमोरचं तेवढं माझ्याच साच्यानं पुसलं, एक अक्षरसुद्धा मला वाचू न देता.

शिकागोवाल्यांनी असा साचा लिहून दाखवावा!